पाठ किती गप्प आहे? यागी अँटेनाचा फ्रंट-टू-बॅक रेशो सॉफ्टवेअरमध्ये मोजताना

साखळीतल्या आमच्या घराच्या गच्चीवरून पाहिलं तर पणजी साधारण 248 अंशांवर येते आणि बेळगाव 58 अंशांवर. अँटेनाचं तोंड पणजीकडे केलं की बेळगाव जवळजवळ पाठीशी येतं. अगदी पाठीशी नाही, दहा अंश बाजूला. हे दहा अंश लक्षात ठेवा, पुढे त्यांचं काम आहे.

मला पणजीकडची हौशी रेडिओची (हॅम) स्टेशनं ऐकायची असतात. हवा साफ असली की चोर्ल्याच्या घाटावरून पलीकडचे सिग्नल उतरतात आणि त्याच फ्रिक्वेन्सीवर गर्दी करतात. म्हणून अँटेनाने पुढचं ऐकावं आणि मागचं ऐकू नये, अशी माझी गरज. पुढे किती आणि मागे किती यातला फरक म्हणजे फ्रंट-टू-बॅक रेशो, आणि तो डेसिबलमध्ये सांगतात.

बाबांचं डिचोलीच्या बाजारात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. छपरावरच्या टीव्ही अँटेनाच्या काळात गिऱ्हाईक तक्रार घेऊन यायचं, 'चित्राच्या बाजूला दुसरं फिकट चित्र दिसतं.' मागच्या डोंगरावर आपटून उशिरा पोचलेला सिग्नल अँटेनाच्या पाठीतून आत शिरत असे. बाबा अँटेना थोडा थोडा फिरवून ते दुसरं चित्र घालवायचे. तेव्हा ते हाताने जे शोधत होते तेच मी आता कॉम्प्युटरवर शोधते. यागी-उडा अँटेना 1926 साली जपानमध्ये जन्मला. त्यातली युक्ती आजही तीच आहे, ती आधी समजून घेतली की पुढच्या सगळ्या चुका टाळता येतात.

यागीची पाठ बंद होते ती भिंत घातल्यासारखी नव्हे. मागची रिफ्लेक्टर, मधली केबल जोडलेली ड्रिव्हन आणि पुढची डायरेक्टर अशा तीन दांड्यांमधून वाहणाऱ्या करंटांच्या लहरी पुढच्या दिशेला एकमेकींत मिळतात आणि मागच्या दिशेला एकमेकींना खोडतात. मागची शांतता ही अशी वजाबाकीची बाकी आहे. पुढचं क्षेत्र 100 धरलं तर 20 डेसिबल म्हणजे मागे 10, 30 डेसिबल म्हणजे मागे जेमतेम 3, आणि 40 म्हणजे 1. मोठ्या संख्यांच्या वजाबाकीतून उरलेला तो 3 किंवा 1 किती नाजूक असणार ते बघा. मॉडेलमध्ये कुठे दोन-तीन टक्के चूक झाली तर पुढचा गेन (पुढच्या दिशेला एकवटलेल्या ताकदीचा आकडा) हलणारही नाही, पण मागचा आकडा पार बदलून जाईल. म्हणूनच गेन बरोबर आला म्हणजे फ्रंट-टू-बॅकही बरोबर असं धरू नका.

मी फोरनेक2 वापरते. फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवर चालतं, आणि आत नेक-2 हे गणित आहे, जे तारा आणि नळ्यांच्या अँटेनासाठीच बनलेलं आहे. ईझीनेक आवडत असेल तर तेही 2022 पासून मोफत मिळतं. पायऱ्या सगळीकडे सारख्याच.

मॉडेल मांडताना

आपण हौशी रेडिओच्या 2 मीटर बँडवर आहोत, भारतात 144 ते 146 मेगाहर्ट्झ. मधली 145 धरू. 299.8 भागिले 145, म्हणजे तरंगलांबी 2.07 मीटर. बूम, म्हणजे दांड्या धरणारा आडवा दांडा, एक्स अक्षावर ठेवा आणि दांड्या झेड अक्षावर उभ्या. उभ्या का, तर या बँडवर एफएमचं बोलणं उभ्या पोलरायझेशनवर चालतं, म्हणजे लहरीचं विद्युत क्षेत्र उभं असतं. सुरुवातीची मापं अशी घ्या: रिफ्लेक्टर 1.02 मीटर लांब, एक्स शून्यावर. ड्रिव्हन दांडी 0.96 मीटर, एक्स 0.41 वर, डायरेक्टर 0.89 मीटर, एक्स 0.82 वर. प्रत्येक दांडीचा मध्य झेड शून्यावर, म्हणजे रिफ्लेक्टर उणे 0.51 पासून अधिक 0.51 पर्यंत. ही मापं फक्त आरंभाची आहेत, यावर नळी कापायला बसू नका.

नळी मी 10 मिलिमीटरची वापरते. इथे पहिली मोठी चूक होते. जीडब्ल्यू ओळीत, म्हणजे दांडीची मापं लिहायच्या ओळीत, नेक त्रिज्या मागतो, व्यास नाही. म्हणजे 0.005 लिहायचं, 0.01 नाही. दुप्पट जाड नळी धरली गेली की दांडीची विद्युत लांबी बदलते आणि मागची शांतता दुसऱ्याच फ्रिक्वेन्सीवर सरकते. माझं एक अख्खं कापकाम या एका आकड्यामुळे वाया गेलं आहे. चवथीच्या आधीचा आठवडा होता आणि डिचोलीतून आणलेली नळी संपली होती.

प्रत्येक दांडीला 21 सेगमेंट, म्हणजे गणितासाठी पाडलेले तुकडे, द्या. संख्या विषमच हवी, कारण सोर्स, म्हणजे जिथून शक्ती आत जाते तो बिंदू, ड्रिव्हन दांडीच्या मधल्या सेगमेंटवर, इथे अकराव्यावर, बसवायचा असतो. 20 घेतले तर नेमका मध्य मिळत नाही, सोर्स एका बाजूला झुकतो. सेगमेंटची लांबी तरंगलांबीच्या विसाव्या भागापेक्षा कमी असलेली बरी, आणि त्रिज्येच्या आठपटीपेक्षा जास्त. 21 सेगमेंटने रिफ्लेक्टरचा एक सेगमेंट 4.9 सेंटिमीटरचा होतो, दोन्ही अटी बसतात. डायरेक्टरचा 4.2 सेंटिमीटर होतो, तिथे आठपटीची सीमा अगदी जवळ येते. त्याहून बारीक करायचे असतील तर एक्स्टेंडेड कर्नल, म्हणजे जाड तारांसाठीचं सुधारित गणित, चालू करा.

मॉडेल आधी मोकळ्या अवकाशात ठेवा. जमीन नाही, खांब नाही, तोटा नाही. एफ7 दाबलं की गणिताची खिडकी उघडते, तिथे फार-फील्ड पॅटर्न (अँटेना दूरवर कुठल्या दिशेला किती फेकतो त्याचं चित्र) निवडा आणि रिझोल्यूशन 1 अंश ठेवा. 5 अंशांवर ठेवलं तर पुढचा लोब, म्हणजे पॅटर्नचा फुगवटा, छान दिसेल, पण मागचा अरुंद खड्डा दोन बिंदूंच्या मधोमध राहून जाईल.

आकडा वाचण्याआधी सरासरी गेनची चाचणी करून घ्या. तोटा नसलेल्या मॉडेलमध्ये सर्व दिशांचा सरासरी गेन 1 यायलाच हवा, कारण जितकी शक्ती आत घातली तितकीच बाहेर पडते. 0.97 ते 1.03 मध्ये असेल तर मी पुढे जाते. 0.9 दिसला तर सोर्स किंवा सेगमेंट कुठेतरी चुकले आहेत, आणि मग फ्रंट-टू-बॅक बघण्यात अर्थ नाही. त्यानंतर सेगमेंट 11, 15, 21 असे बदलून तीनदा चालवा. गेन तिन्ही वेळा जवळपास तोच येईल. मागचा आकडा किती हलतो ते बघा. 15 वरून 21 वर जाताना तो दोनएक डेसिबलपेक्षा जास्त सरकला, तर मॉडेल अजून स्थिर झालेलं नाही.

आकडा वाचताना

एफ4 ने पॅटर्नची खिडकी उघडते. आडवा छेद घ्या, थीटा 90. नेकमध्ये थीटा डोक्यावरून, म्हणजे झेड अक्षापासून मोजतात, त्यामुळे क्षितिज म्हणजे 90. शून्य टाकलं तर तुम्ही आकाशाकडे बघत असता, आणि नव्याने शिकणाऱ्या बहुतेकांचं इथेच एकदा गोंधळतं. फाय शून्य म्हणजे पुढे, डायरेक्टरच्या बाजूला. फाय 180 म्हणजे मागे.

आता दोन आकडे घ्या. समजा पुढे 7.8 डीबीआय (सगळ्या दिशांना सारखं फेकणाऱ्या काल्पनिक अँटेनाच्या तुलनेतले डेसिबल) आणि मागे उणे 14.2. वजाबाकी करा, 22 डेसिबल. दोन्ही डेसिबलमध्येच असल्यामुळे भागाकार करायचा नाही. सॉफ्टवेअरने साधा गेन दिला, डेसिबल नव्हे, तर पुढचा भागिले मागचा हे शक्तीचं गुणोत्तर होतं, त्याचा लॉग घेऊन दहाने गुणायचं. विद्युत क्षेत्र दिलं तर वीसने. इथे गल्लत झाली की 22 चे 44 होतात, आणि 44 इतके देखणे असतात की कुणाला शंकाही येत नाही. गेन नेहमी टोटल निवडा. फक्त उभा घटक निवडला तर आडव्या पोलरायझेशनमधून मागे जे गळतं ते दिसतच नाही.

आणि आता ते दहा अंश. पॅटर्नचा कर्सर 180 वरून 170 वर आणा. माझ्या एका मॉडेलमध्ये 180 वर 38 डेसिबल होते. दहा अंश सरकले तर 26, आणि 130 अंशांवर एक फुगीर लोब, जिथे फक्त 15. ऑप्टिमायझरला, म्हणजे मापं आपोआप सुधारणाऱ्या भागाला, मी 'फ्रंट-टू-बॅक वाढव' एवढंच सांगितलं होतं. त्याने नेमकं तेच केलं, 180 अंशांवर एक विहीर खणून दिली. बेळगाव त्या विहिरीच्या काठावर होतं.

म्हणून मी मागच्या पूर्ण पट्ट्यातला सगळ्यात वाईट आकडा घेते, 120 ते 240 अंशांपर्यंत. त्याला फ्रंट-टू-रिअर म्हणतात, आणि फोरनेक2 च्या एफ12 च्या ऑप्टिमायझरमध्ये त्याचा वेगळा रकाना आहे. मोबाईल टॉवरच्या अँटेनांसाठी पट्टा अरुंद धरतात, 180 च्या दोन्ही बाजूंना 30 अंश. काही सॉफ्टवेअर फ्रंट-टू-बॅक या नावाखाली मुळातच असा पट्टा मोजतात. ममाना-गालमध्ये त्या पट्ट्याची रुंदी सेटिंगमध्ये दिसते. म्हणून दोन प्रोग्रॅमचे आकडे जुळले नाहीत की गणितावर संशय घेण्याआधी दोघांची व्याख्या तपासा.

एक गोष्ट मला सुरुवातीला खूप छळायची. हाच अँटेना आडवा मांडला तर 180 वरचा आकडा तोच येतो, पण फ्रंट-टू-रिअर सुधारतो. कारण 180 हा बिंदू दोन्ही छेदांना सामाईक आहे. आडव्या दांड्यांच्या टोकाच्या दिशेला किरणोत्सर्ग नसतोच, त्यामुळे बाजू आपोआप आवळली जाते. उभ्या दांड्यांना तशी मदत मिळत नाही. तेव्हा अँटेना जसा लावणार आहात तसाच मांडून मोजा.

मग फ्रिक्वेन्सी. 144 ते 146 पर्यंत पाव मेगाहर्ट्झच्या पायरीने स्वीप चालवा. एसडब्ल्यूआरची, म्हणजे केबल आणि अँटेना किती जुळले याची, रेघ सपाट दिसेल आणि मागच्या आकड्याची रेघ टोकदार शिखरासारखी. 145 वर 38 असलेलं माझं मॉडेल बँडच्या कडांना विशीच्या आसपास उतरलं होतं. मी शेवटी शिखरावर 27 असलेलं मॉडेल निवडलं, कारण ते कडांनाही 20 च्या खाली जात नव्हतं. मला रोज 145 वरच बोलायचं नसतं.

जमीन घातल्यावर

मोकळ्या अवकाशाचा आकडा पक्का झाला की अँटेना गच्चीच्या उंचीला, समजा 10 मीटरला, न्या आणि खाली जमीन घाला. मध्यम जमिनीसाठी वाहकता 0.005 आणि डायइलेक्ट्रिक स्थिरांक 13 घेतात. आमच्याकडे खाली जांभा आहे, पावसात भिजलेला आणि एप्रिलमध्ये कोरडा ठणठणीत. मी दोन्ही टोकं घालून पाहते. या उंचीवर फ्रंट-टू-बॅकला त्याने फारसा फरक पडत नाही.

फरक पडतो तो कुठे बघता त्याने. जमीन घातल्यावर नेक नेमक्या क्षितिजावर शून्य दाखवतो, आउटपुट फाइलमध्ये उणे 999.99 अशी रांग दिसते. त्या रांगेत पुढचं आणि मागचं वजा करून काही मिळत नाही. 10 मीटर उंचीवर पहिला लोब क्षितिजापासून तीनेक अंश वर येतो, म्हणजे थीटा 87. आडवा छेद तिथे घ्या, आणि मागचा आकडाही त्याच 87 वर, फाय 180 ला वाचा. काटेकोर भूमितीने विरुद्ध दिशा जमिनीच्या पोटात जाते, तिथे वाचायला काही नसतं.

खांब

आता मला ज्यासाठी हे सगळं लिहावंसं वाटलं ते सांगते. 27 डेसिबलवालं मॉडेल मी बनवलं. पीव्हीसीचा बूम, कारण धातूच्या बूममधून दांड्या आरपार गेल्या तर लांबी दुरुस्त करावी लागते आणि नेकच्या या मॉडेलमध्ये बूम नसतो. गच्चीवर पावसाळी पत्र्यांसाठी रोवलेला 40 मिलिमीटरचा जीआय पाईप होता. बूम मध्याजवळ त्याला बांधला. पणजीला आल्तिनोवर राहणाऱ्या एका जुन्या हॅम मित्रांना फोन केला, त्यांनी कॅरियर, म्हणजे नुसता सलग सिग्नल, सोडला, मी लॅपटॉपला लावलेल्या एसडीआरचा (सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या रेडिओचा) ऑटोमॅटिक गेन बंद करून पुढचा आकडा लिहिला. अँटेना फिरवून मागचा लिहिला. फरक 9 डेसिबल.

पुन्हा मोजलं, 10. केबल बदलून पाहिली. वाळवंटी नदीच्या काठावरच्या मोकळ्या जागेत जाऊन बांबूवर लावून मोजलं तर 20 च्या वर गेला. म्हणजे दोष दांड्यांत नव्हता.

रात्री मॉडेलमध्ये एक चौथी तार घातली: एक्स 0.3 वर, म्हणजे रिफ्लेक्टर आणि ड्रिव्हनच्या मधे, झेड उणे 3 पासून शून्याच्या थोडं खालपर्यंत, त्रिज्या 0.02, 21 सेगमेंट, एक्स्टेंडेड कर्नल चालू. एफ7. मागचा आकडा दहाच्या खाली आला. गच्चीवर जे दिसलं ते पडद्यावर उतरलं.

कारण साधं आहे. दांड्या उभ्या, पाईपही उभा, आणि तो अँटेनाच्या पोटातून जातो. त्याच्यात करंट वाहतो आणि तो स्वतःच एक चौथी दांडी होऊन बसतो, कुणी न मापलेली. आता मघाचं गणित आठवा. पुढचं क्षेत्र 100, मागे 3 उरलं होतं. पाईपने पुढच्याच्या फक्त दहा टक्के क्षेत्र मागे फेकलं तर ते 3 मध्ये मिळून 7 ते 13 च्या दरम्यान काहीतरी होतं, म्हणजे 23 ते 18 डेसिबल. बांधणी कितीही काटेकोर असली तरी त्यापलीकडे जाता येत नाही. माझा पाईप पोटात होता, त्याचा वाटा याहून बराच मोठा होता. आडव्या अँटेनाला हाच पाईप जवळपास काही करत नाही, कारण तो दांड्यांना काटकोनात असतो.

उपाय मॉडेलमध्येच शोधला. पाईपची तार एक्स अक्षावर मागे मागे सरकवत नेली आणि प्रत्येक जागी मागचा आकडा लिहून ठेवला. रिफ्लेक्टरच्या मागे अर्धा मीटर गेल्यावर तो पुन्हा विशीच्या वर गेला, कारण तिथे मुळातच क्षेत्र कमी असतं. म्हणून बूम मागे लांबवला आणि अँटेना पाठीकडून धरला. पुढे झुकू नये म्हणून वरून नायलॉनची दोरी ताणली, धातूची तार नाही. केबलचंही तेच: ड्रिव्हन दांडीपासून सरळ खाली सोडली तर ती आणखी एक उभी तार होते. ती बूमवरून मागे न्या, रिफ्लेक्टर ओलांडल्यावरच खाली सोडा, आणि ड्रिव्हन दांडीजवळ दोन-चार फेराइटचे मणी चढवा.

ज्यांच्याकडे एचएफएसएस किंवा सीएसटी आहे त्यांच्यासाठी

इंजिनिअरिंगची मुलं या मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये केलेली पॅच अँटेनाची (ग्राउंडच्या पाटीवर बसवलेल्या चपट्या धातूच्या तुकड्याची) मॉडेल घेऊन येतात, तेव्हा मी तीन गोष्टी विचारते. पहिली, खालचा ग्राउंड प्लेन अनंत धरलाय का? धरला असेल तर मागे काही जातच नाही आणि फ्रंट-टू-बॅकचा आकडा निरर्थक होतो. पॅचची पाठ ठरते ती ग्राउंडच्या कडांवरून वळून मागे जाणाऱ्या लहरींनी, म्हणून खऱ्या मापाची पाटी घाला. दुसरी, भोवतीची हवेची पेटी किती मोठी? रेडिएशन बाउंडरी, म्हणजे त्या पेटीची सीमा, निदान पाव तरंगलांबी दूर हवी, आणि 30 डेसिबलच्या गोष्टी करायच्या असतील तर त्याहून दूर नेऊन आकडा हलतो का ते पाहावं, कारण बाउंडरीवरून परतणारी थोडीशी लहर मागच्या 3 मध्येच मिसळते. तिसरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: मेश, म्हणजे गणितासाठी पाडलेली जाळी, कशावर थांबला? एचएफएसएसचा अ‍ॅडाप्टिव्ह मेश सहसा एस-पॅरामीटर (अँटेनावरून किती सिग्नल परततो त्याचा आकडा) स्थिरावला की थांबतो. तो लवकर स्थिरावतो. मागचा लोब तेव्हाही सरकत असतो. आणखी दोन-तीन पास चालवा, प्रत्येक पासनंतर मागचा गेन वेगळा लिहा.

माझ्या वहीत आता प्रत्येक अँटेनासाठी एकच ओळ असते, आणि तिच्यात सगळं लागतं: फ्रिक्वेन्सी, पोलरायझेशन, अवकाश की जमीन आणि किती उंची, थीटा, 180 वरचा आकडा, 120 ते 240 मधला सगळ्यात वाईट आकडा आणि त्याचा कोन, खांब मॉडेलमध्ये होता की नाही. सध्या गच्चीवर असलेल्याची ओळ अशी: 145 मेगाहर्ट्झ, उभा, 10 मीटर, थीटा 87, 180 वर 22, वाईटात वाईट 15, 132 अंशांवर, खांब रिफ्लेक्टरमागे 0.5 मीटर. गच्चीवर मोजलेला, 19.